हौसामावशी, ती सकाळची गोळी

मावशी, तू ऐकलं नाहीस, असं सगळे म्हणतायत. ओपीडीतला कंपाउंडर म्हणतो, औषधाच्या खिडकीवरची बाई म्हणते, तुझा स्वतःचा किसनही म्हणतो. "आईनं ऐकलं न्हाई शिष्टर, तुमी तरी किती सांगनार." तुला जाऊन अजून पंधरा दिवस झाले नाहीत, आणि तुझ्या मरणाचा निकाल लागूनसुद्धा गेला. दोष तुझा. आणि मी, जिनं दोन वर्षं तुला हृदय कसं सांभाळायचं ते शिकवलं, मी मात्र बिचारी. मला लोक चहा आणून देतात, मनाला लावून घेऊ नका म्हणतात. तो चहा मी तसाच ठेवून देते, कारण तू कशानं गेलीस ते मला आता कळलंय. आणि ते त्यांना वाटतं तसं नाही.

पहिल्या दिवशी मी तुला "अहो हौसाबाई, या, बसा" म्हटलं, तर तू मागं वळून पाहिलंस, कोण आलंय म्हणून. मग पदराआड हसलीस. म्हणालीस, मला अहो नगं करू, मी काय तलाठीन हाय व्हय. त्या दिवसापासून तू मावशी, आणि मी आधी शिष्टर, नंतर नुसतीच पोर. पाय इतके सुजले होते तुझे, की चपलेच्या पट्ट्यानं वळ उठले होते. कार्ल्याच्या वरच्या अंगाला तुझी वाडी. तिथून किसननं तुला फाट्यापर्यंत कसंबसं उतरवलं होतं आणि जीपनं लोणावळ्याला आणलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचा जोर कमी पडलाय म्हणाले, गोळ्या लिहिल्या आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "सिस्टर, यांना समजावून सांगा."

माझं कामच ते. रोज घोरावाडीला लोकल पकडायची, दवाखान्यात आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचं आणि तुझ्यासारख्यांना तेच तेच सांगायचं. मीठ कमी, पाणी मोजून, वजन रोज, गोळ्या वेळेवर. तुला मी विहिरीवरच्या मोटरीचं उदाहरण दिलं. मोटर जुनी झाली की पाणी ओढत नाही, मग पाणी नको तिथं साचतं, तसं ते तुझ्या पायात आणि छातीत साचतंय. तू लक्ष देऊन ऐकलंस आणि म्हणालीस, "मंग मोटर बदला की." मला हसूच आवरेना. बाई गं, त्या टेबलाशी बसून इतकं हसायची सवयच नव्हती मला.

मी तुला पाण्याची एक बाटली दिली होती, दिवसभरात एवढंच प्यायचं म्हणून. तू पठ्ठी तेवढंच प्यायचीस. तरी सूज काही उतरेना. मी चिडले, खोटं बोलतेस म्हणाले. तू देवाची शपथ घेतलीस. मग सहज विचारलं, सकाळी खातेस काय? म्हणालीस, पेज. किती? दोन वाडगे सकाळी, दोन सांजच्याला. अगं, मग ते पाणीच की! तू माझ्याकडं असं बघितलंस, जशी मीच अडाणी. "पेज काय पानी हाय व्हय? पेज जेवान हाय." तुझं बरोबरच होतं. चूक माझी होती, मी पाण्याचं विचारत बसले होते. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आज मला पेशंटनं शिकवलं. मला वाटलं, आता मला विचारायचं कसं ते कळलं. वाटलं खरं.

आकडे तुला वाचता येत नव्हते, म्हणून दवाखान्यानं दिलेल्या वजनकाट्यावर मी माझ्या नेलपॉलिशनं लाल रेघ मारली. काटा रेघेच्या पुढं गेला की कुणाची वाट न बघता यायचं. एकदा तू आलीस, काटा घरीच ठेवून आली होतीस पण वाटभर घोकत आलीस, रेघ वलांडली, रेघ वलांडली. दोन दिवस ठेवून घेतलं, सुईतून औषध देऊन पाणी काढलं आणि तू चालत घरी गेलीस. जाताना ओच्यातून टाकळ्याची भाजी काढून टेबलावर ठेवलीस. त्यानंतर मी दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांपुढं तुला उभी करायला लागले. सांग मावशी, मीठ किती? सांग मावशी, दम लागला तर काय करायचं? तू पाढे म्हटल्यासारखं सगळं म्हणून दाखवायचीस. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पेशंटला समजलं की नाही ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. मी वदवून घेत होते. तुला काय जमतंय आणि काय जमत नाही, ते वदवून घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला सुचलं नाही.

सुकटीवरून आपलं भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे, सुकट म्हणजे मिठाचं पोतं. तू म्हणायचीस, मी वरनं मीठ टाकतच न्हाई, मासळीतलं मीठ मासळीचं. शेवटी तहाची बोलणी झाली. सुकट तीनदा पाण्यातून काढायची, आणि आठवड्यातून एकदाच. तू ते पाळलंस की नाही, मला माहीत नाही. आता वाटतं, खाल्लीस तर बरंच झालं. निदान जिभेला तरी काही मिळालं.

आता त्या गोळीकडं येते. मघापासून टाळतेय.

पाण्याची गोळी. अंगातलं साचलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. घेतली की तीन-चार तास सारखं जावं लागतं. तू यायच्या आदल्या वर्षी आमच्या एका आजोबांनी ती रात्री घेतली, अंधारात बाहेर जायला उठले आणि ओट्यावरून पडून खुबा मोडून घेतला. माझा जीव इतका खालीवर झाला, की तेव्हापासून मी सगळ्यांना एकच नियम लावला. ही गोळी सकाळी म्हणजे सकाळीच. सकाळ चुकली, तर त्या दिवशी घ्यायचीच नाही. तुझ्या पाकिटावर मी स्केचपेननं पिवळा सूर्य काढला आणि तीनदा वदवून घेतलं. "सूर्व्या उगावला की घ्यायची. मावळल्यावर हात लावायचा न्हाई." शाब्बास मावशी, म्हणाले मी.

दुसरा नियमही माझाच. पेशंटबरोबर घरातलं शिकलेलं माणूस पाहिजे. तुझी सून मंदा चौथीपर्यंत शिकलेली, किसन बारावी. म्हणून किसन यायचा, दर वेळी रजा टाकून. गुणी पोरगा. तुझ्या खुर्चीमागं उभा राहायचा, मी बोलले ते वहीत उतरवून घ्यायचा. मला किती बरं वाटायचं ते बघून. आता विचार करते, बाई माणसानं आपल्या मोठ्या, लग्न झालेल्या लेकादेखत लघवीच्या अडचणी कशा सांगायच्या? तुमच्या वाडीत तर नाहीच, आमच्याही घरात नाही. माझी आई माझ्या भावासमोर ते मेली तरी बोलणार नाही. मला हे ठाऊक होतं गं. माझ्या आईच्या बाबतीत ठाऊक होतं. तुझ्या बाबतीत मी फॉर्म भरत होते.

तू कामाला जातेस तेही मला माहीत होतं. भुशीच्या रस्त्याला एका बंगल्यावर, शनिवारी आणि रविवारी, पर्यटक राहायला येतात तेव्हा. मी विचारलं होतं, जड उचलतेस का? न्हाई. जिने चढतेस का? येकदाच. माझ्या तक्त्यावर एवढेच दोन प्रश्न होते. दोन्हींवर खुणा केल्या आणि पान उलटलं.

शेवटचं आलीस तेव्हा काटा रेघेच्या बराच पुढं होता. पाय पुन्हा सुजलेले, बोलताना धाप. मी तापलेच. बाकावर माणसं बसली होती, त्यांच्यादेखत तुला झापलं. खरं सांग, गोळ्या घेतेस का? म्हणालीस, घेते. रोज? तू खाली बघत म्हणालीस, "शनवारी..." आणि मान वळवून किसनकडं पाहिलंस. तो वही उघडून उभा होता.

मी तुला पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाले, "मावशी, शनिवार-रविवार हृदयाला सुट्टी नसते." मला माझं वाक्य फार आवडलं. बाकावरचे दोघंतिघं हसले. किसन हसला. आणि तूही हसलीस, तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लेकरानं काही तरी मोठं बोलून दाखवलं की आई हसते ना, तसं हसलीस. मग पाकीट उचललंस, सूर्यावरून अंगठा फिरवलास आणि गेलीस. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली होती. मी त्या पाकिटावरही सूर्यच काढला, या वेळी जरा मोठा.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तू बंगल्यावर चादरी बदलता बदलता खाली बसलीस. श्वास लागला. तिथल्या केअरटेकरनं रिक्षा आणली, स्वतः तुझ्याबरोबर निघाला. पण पावसाळ्यातला रविवार, धरणाकडून येणारा रस्ता गाड्यांनी गच्च भरलेला. गाण्यांचे आवाज, गाड्यांच्या छतातून बाहेर निघून नाचणारी पोरं, भुट्टेवाले. तो माणूस रिक्षातून उतरून पुढं पळत होता, बाजूला व्हा, बाजूला व्हा करत. दवाखान्याच्या दाराशी रिक्षा आली तेव्हा तू नव्हतीस. आणि मीही नव्हते. मला रविवारी सुट्टी असते.

दहाव्याला मी वाडीवर आले. किसननं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळ्यांना सांगितलं की ह्या शिष्टरनी आईसाठी लय केलं. म्हातारी माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मी तो मान गुपचूप घेतला. मग मंदानं मला चुलीपाशी बोलावलं आणि एक पिशवी हातात दिली. वापरायच्या असतील कुणाला तर, म्हणाली. आत पाण्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एवढ्या कशा उरल्या, मी विचारलं. तिनं आधी दाराकडं पाहिलं, किसन लांब आहे ना ते बघितलं.

"आत्या शनवार-आईतवारी न्हाई घ्यायच्या. तितं जायला जागा न्हाई ना. गोळी घिऊन गेलं की घडीघडीला लागतं."

मी म्हटलं, अगं, एवढा मोठा बंगला.

"हायती की पाच. आत्याच घासायच्या. पन आपल्याला न्हाई जायचं, मालकाचा नेम हाय. आदी मागं झाडी व्हती, तितं जायच्या. आता तितं बी बंगला झाला. कॅमेरा लावलाय."

पाच संडास, मावशी. पाचही तू घासायचीस. सकाळी सातला जायचीस, सहाला सुटायचीस, आणि दिवसभर पाणीसुद्धा प्यायची नाहीस, मंदा म्हणाली. माझ्या बाटलीतलं पाणी शनिवारी भरलेलं तसंच परत यायचं. मी मंदावर डाफरले. तिच्यावर कशाला, पण डाफरले. मग घरी आल्यावर का नाही घेतली? संध्याकाळी सहाला घेतली असती तर काय बिघडलं असतं? मंदा शांतपणे म्हणाली, "मी म्हनलं व्हतं. तर म्हनल्या, शिष्टरनी सूर्व्या काढलाय. मावळल्यावर हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलंय. मी नेम मोडला तर पोर चिडंल."

पोर म्हणजे मी.

मला तुझा राग आला, खरंच सांगते. दहाव्याच्या दिवशी, तुझ्या चुलीपाशी उभं राहून तुझा भयंकर राग आला. तलाठ्याच्या नावानं थट्टा करायला जीभ होती, मोटर बदला म्हणायला होती, सुकटीसाठी दोन वर्षं भांडलीस. मग याच एका गोष्टीला जीभ का गिळलीस? एकदा मला बाजूला ओढून कानात सांगायचं होतंस. पोरी, मला सकाळी नाही जमत. एवढंच. मी वेळ बदलली असती. दुपारी चारला घे म्हटलं असतं, सहाला घे म्हटलं असतं, हवं तर एक रात्र गेली असती उठबस करण्यात. इतकं साधं होतं गं ते. पण राग फार वेळ टिकेना. शनवारी, म्हणाली होतीस तू. एक शब्द काढला होतास. मी त्यावर विनोद केला.

परवा मी त्या बंगल्यावर गेले. कशाला गेले, माझं मलाच माहीत नाही. भांडायला म्हणून निघाले होते. अंगावर बरी साडी, हातात पर्स. केअरटेकर दारात आला, बुकिंग करायचंय का म्हणाला. माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, मला जरा बाथरूमला जायचं होतं. "हो हो, या ना मॅडम," म्हणाला, आणि दिवा लावून दिला. तुला लागलेल्या नियमांपैकी मला एकही लागला नाही. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आत पांढऱ्या फरश्या, साबणाचा वास, कोपऱ्यात तू वापरत असशील तो ब्रश. मी दार लावून तिथं बसले आणि रडले. बाहेर आल्यावर त्याला सांगितलं, मी हौसाबाईंच्या ओळखीची. त्याचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नाही, रिक्षापुढं तोच पळाला होता. मालकांचा नियम आहे मॅडम, म्हणाला, गेस्टना आवडत नाही. मग जमिनीकडं बघत म्हणाला की शनिवारपासून मंदा येणार आहे. मी मालकाचा नंबर घेतला, फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बघतो. काय बघणार आहे देव जाणे.

आणि काल दवाखान्यात बैठक झाली. आमच्याकडं नोंद असलेला पेशंट गेला की एक कागद भरतात. त्यात एक ओळ आहे, दिलेल्या सूचनांचे रुग्णाने पालन केले, होय किंवा नाही. डॉक्टरांनी माझ्यासाठी आधीच पेन्सिलनं 'नाही'वर खूण करून ठेवली होती. मायेनंच केली होती. म्हणाले, तुझ्याकडून काही कमी पडलेलं नाही, सही कर आणि मोकळी हो. मी ती खूण खोडली आणि 'होय'वर पेननं केली.

"अगं, एवढ्या गोळ्या शिल्लक सापडल्या म्हणालीस ना? मग होय कसं?"

मी सगळं सांगितलं. बंगला, कॅमेरा, खुर्चीमागं वही घेऊन उभा असलेला किसन, आजोबांचा खुबा, पाकिटावरचा सूर्य. औषधाच्या खिडकीवरची बाई डोळ्यांना पदर लावायला लागली. डॉक्टरांनी माझी खूण पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "बरं. पण कारणात काय लिहू?"

"लिहा, सिस्टरनं सांगितलं ते तिनं तंतोतंत ऐकलं."

असं लिहिता येत नाही, म्हणाले ते. त्यांनी तो रकाना मोकळा सोडला, सही केली आणि पुढचा कागद ओढला. म्हणून इथं लिहितेय, मावशी. लोक काहीही म्हणोत. तू शब्द न् शब्द ऐकलास माझा. एकदा, एकच शनिवार मला न जुमानता सूर्य मावळल्यावर ती गोळी तोंडात टाकली असतीस, तर आज मी तुला झापत बसले असते.